गोलारचें पेटंट

गेल्या पावसाळ्यांतील एका संध्याकाळची गोष्ट. अंधेरींत आम्ही राहतों त्या गल्लीच्या तोंडाशीं जाळीच्या कुंपणांत एक करडी लोखंडी पेटी उभी आहे. तिच्या बाजूंना पत्र्याच्या पोकळ पट्ट्या आहेत, आणि तिच्या पोटांतून अहोरात्र एक मंद गुणगुण ऐकूं येत असते. त्या संध्याकाळीं पावसाची जोराची सर आली, पेटीपाशीं मोठा आवाज झाला आणि गल्लींतील सगळे दिवे एकदम मालवले. तासाभरानें वायरमन आले. त्यांचें काम चाललें असतां शेजारची मंडळी छत्र्या सांवरीत भोंवतीं जमली. त्यांत माझी नववींत शिकणारी पुतणीहि होती. त्यांतील एका वयस्क वायरमननें मुलांना मोठ्या हौसेनें सांगितलें कीं, या पेटींत एका बाजूनें ११,००० व्होल्ट दाबाचा प्रवाह येतो आणि दुसऱ्या बाजूनें घरगुती उपयोगाचा प्रवाह बाहेर पडतो. परंतु आंत या दोन बाजूंच्या तारा एकमेकींना कोठेंहि लागलेल्या नसतात. घरीं परततांना पुतणी म्हणाली, "काका, तारा एकमेकींना लागतच नाहींत, तर मग वीज इकडून तिकडे जाते तरी कशी?"

प्रश्न पदार्थविज्ञानाचा, आणि मी पडलों इतिहासाचा अध्यापक. मेणबत्तीच्या उजेडांत जमेल तसें उत्तर मीं दिलें. परंतु त्या प्रश्नाच्या मागें दुसरा एक प्रश्न उभा आहे, व तो मात्र माझ्या विषयांतील आहे. स्पर्शावांचून वीज देण्याची ही युक्ति कोणाची? तिच्यावर हक्क कोणाचा? हा प्रश्न १८८८ सालीं लंडनमध्यें न्यायासनापुढें आला होता, आणि १८९० सालीं त्याचा शेवटचा निकाल लागला तेव्हां ज्यानें तो हक्क सांगितला होता तो मनुष्य वेड्यांच्या रुग्णालयांत मरण पावून दीड वर्ष लोटलें होतें. त्याचें नांव लुसियाँ गोलार. आज रस्त्यारस्त्यावर उभ्या असलेल्या या पेट्यांवर त्याचें नांव कोठेंहि नाहीं. त्याच्या वादाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु.

१

हकीकतीचा आरंभ मात्र गोलारच्या जन्मापूर्वीं होतो. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं मायकेल फॅरडे यानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सुमारें सहा इंच व्यासाचें एक लोखंडी कडें घेतलें आणि त्याच्या दोन बाजूंस तांब्याच्या तारेचीं दोन वेगवेगळीं वेटोळीं गुंडाळलीं. तार लोखंडाला लागूं नये आणि तारेचा एक थर दुसऱ्याला लागूं नये, म्हणून त्यानें मध्यें दोरा व सुती कापड घातलें होतें. एका वेटोळ्यांतून त्यानें विद्युत्घटाचा प्रवाह सोडला, त्या क्षणीं दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेली चुंबकसूचि हलली. प्रवाह स्थिर वाहूं लागतांच सूचि स्वस्थ झाली. प्रवाह तोडला तेव्हां ती पुन्हां, परंतु उलट दिशेस, हलली. म्हणजे पलीकडे वीज उत्पन्न होते ती प्रवाहाच्या अस्तित्वानें नव्हे, तर त्याच्या बदलानें. अलीकडचा प्रवाह बदलतो, त्यामुळें लोखंडांतील चुंबकत्व बदलतें, आणि त्या बदलत्या चुंबकत्वानें पलीकडच्या तारेंत नवा प्रवाह उभा राहतो. पूर्वींच्या घरांत सोवळ्यानें वाढणारी बाई पळी पानाला लागूं देत नसे, तरी आमटी पानांत पडतच असे; तसाच कांहींसा हा प्रकार आहे. फॅरडेनें या शोधाचें पेटंट घेतलें नाहीं. त्यानें निसर्गाचा नियम सांगितला, आणि निसर्गाचा नियम ही कोणाची मिळकत नव्हे.

पुढें पन्नास वर्षें ही गोष्ट बहुतांशीं प्रयोगशाळेंतच राहिली. १८८० च्या सुमारास शहरांत विजेचे दिवे लागूं लागले, आणि एक व्यावहारिक अडचण पुढें आली. घरांतील दिव्याला कमी दाबाचा प्रवाह लागतो. शंभर व्होल्टच्या आसपासचा. परंतु एवढ्या कमी दाबानें वीज दूर न्यावयाची म्हटलें तर प्रवाह फार मोठा लागतो, आणि तारेंत उष्णतेच्या रूपानें होणारी नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. उलटपक्षीं दाब दसपट केला तर तेवढ्याच शक्तीसाठीं प्रवाह दशांश पुरतो व त्याच तारेंतील नासाडी शतांशावर येते. म्हणजे वीज दूर न्यावयाची तर दाब मोठा हवा, आणि घरांत आणावयाची तर लहान हवा. ज्या तारेच्या स्पर्शानें मनुष्य जागच्या जागीं मरतो ती तार दिवाणखान्यांत कोण घेईल? एडिसननें न्यूयॉर्क येथें १८८२ सालीं उघडलेल्या केंद्रांतून वीज दिली ती कमी दाबाचीच होती, आणि म्हणून तिचा पल्ला मैलाच्या आंतबाहेरच राहिला.

२

या कोंडींतून वाट काढण्यासाठीं पुढें आला तो गोलार. तो फ्रेंच, १८५० सालीं जन्मलेला. जॉन डिक्सन गिब्ज हा इंग्रज त्याचा भागीदार होता. १३ सप्टेंबर १८८२ रोजीं त्यांनीं इंग्लंडांत पेटंटसाठीं अर्ज केला. आपल्या यंत्राला त्यांनीं 'दुय्यम जनित्र' असें नांव दिलें होतें. उलटसुलट दिशेनें वाहणारा, म्हणजे प्रत्यावर्ती, प्रवाह मोठ्या दाबानें एका लांब तारेंतून न्यावा. ठिकठिकाणीं ती तार या यंत्रांतून फिरवावी. आणि यंत्रांतील दुसऱ्या, सर्वस्वीं अलग असलेल्या वेटोळ्यांतून गिऱ्हाइकाला पाहिजे तेवढ्या दाबाचा प्रवाह द्यावा, अशी ही योजना. मोठ्या दाबाची तार आणि घरांतील दिवा यांच्यामध्यें धातूचा सांधा राहत नाहीं, हें तिचें मर्म होतें. ही अलगता केवळ रक्षणासाठीं नव्हती. गांवची वीज एक आणि घरची वीज दुसरी असें झाल्यामुळें एकाच तारेवर एका ठिकाणीं कमानी दिवा, दुसऱ्या ठिकाणीं काचेच्या गोळ्यांतील दिवा, तिसऱ्या ठिकाणीं दुसरें कांहीं, असें प्रत्येकाला आपल्या सोयीप्रमाणें करतां येऊं लागलें.

१८८३ सालीं हें यंत्र लंडनमध्यें वेस्टमिन्स्टरच्या रॉयल अक्वेरियममधील प्रदर्शनांत मांडलें गेलें, आणि त्याच वर्षीं मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कांहीं स्थानकांत त्यावर दिवे लावण्यांत आले. १८८४ सालीं इटलींत तुरिन येथें मोठें प्रदर्शन भरलें. तेथें गोलारनें तुरिनपासून लांझो गांवापर्यंत, म्हणजे सुमारें ४० किलोमीटर अंतरावर, २,००० व्होल्टच्या दाबानें वीज नेऊन दिवे लावून दाखविले. अंतराची कल्पना यावी म्हणून सांगतों, चर्चगेटहून निघून बोरिवलीच्याहि पुढें जावें तेवढें हें अंतर आहे. इटालियन सरकारनें त्याला बक्षीस दिलें, आणि गालिलेओ फेर्रारिससारख्या थोर शास्त्रज्ञानें त्याच्या यंत्राची कसून परीक्षा केली. वयाच्या चौतिसाव्या वर्षीं गोलारचें नांव युरोपभर झालें.

परंतु या योजनेंत एक वैगुण्य होतें, आणि पुढील सर्व कथा त्या वैगुण्याभोंवतीं फिरते. गोलारनें आपलीं यंत्रें मुख्य तारेवर एकामागून एक, माळेंतील मण्यांप्रमाणें ओंवलीं होतीं. यालाच एकसर जोडणी म्हणतात. गणपतीच्या मखराभोंवतीं आपण पूर्वीं ज्या दिव्यांच्या माळा सोडीत असूं, त्यांतील एक दिवा गेला कीं सगळी माळ विझे. तोच हा जोडणीचा प्रकार. गोलारच्या पद्धतींत सगळे दिवे विझत नसत हें खरें, परंतु एका घरानें दिवे लावले किंवा मालवले कीं इतर घरांच्या दिव्यांचा दाब कमीजास्त होई. तो सारखा राखण्यासाठीं वेटोळ्यांतील लोखंडी गाभा हातानें वरखालीं सरकवावा लागे. शिवाय तो गाभा दोन्ही टोंकांस मोकळा, सरळ दांड्यासारखा, असल्यामुळें चुंबकत्वाचा बराच भाग हवेंत वायां जाई. फॅरडेनें घेतलेलें अखंड कडें गोलारला सुचलें नाहीं, हें एक आश्चर्यच म्हणावयाचें.

तुरिनचें प्रदर्शन पाहणाऱ्यांत बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यांतील ओटो ब्लाटी हा तरुण होता. त्यानें वैगुण्य हेरलें. घरीं परतल्यावर तो, मिक्शा डेरी आणि कारोय झिपर्नोव्स्की या तिघांनीं मिळून १८८५ सालीं सुधारलेलें यंत्र सिद्ध केलें. गाभा मिटलेला, आणि जोडणी समांतर. म्हणजे प्रत्येक यंत्र मुख्य तारांच्या जोडीवर स्वतंत्रपणें लटकविलेलें. नदींतून पाट काढावे तसे प्रत्येक घरचा पाट निराळा. एकानें आपला बंद केला म्हणून दुसऱ्याचें पाणी वाढत नाहीं कीं तुटत नाहीं. या यंत्राला त्यांनीं दिलेलें 'ट्रान्सफॉर्मर' हेंच नांव जगांत रूढ झालें. आपल्या पारिभाषिक मराठींत त्यालाच रोहित्र म्हणतात.

अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें गोलार-गिब्ज यांचे तेथील हक्क विकत घेतले, त्यांचीं यंत्रें मागविलीं, आणि विल्यम स्टॅन्ली या आपल्या अभियंत्याकडून त्यांत मुळापासून सुधारणा करवून घेतली. २० मार्च १८८६ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गांवांतील दुकानें स्टॅन्लीच्या रोहित्रांवर उजळलीं. सारांश, दोन वर्षांच्या आंत गोलारची कल्पना दोन खंडांत पसरली, आणि दोन्ही ठिकाणीं गोलारचें यंत्र मागें पडलें.

३

खुद्द लंडनमध्यें काय झालें तें आतां पाहूं. सर कूट्स लिंडसे यांच्या ग्रोव्हनर गॅलरी या चित्रशाळेंत दिव्यांसाठीं एक लहानसें विद्युत्केंद्र बसविलें होतें. शेजारच्या लोकांनीं वीज मागितली, तशी केंद्राची वाढ झाली, आणि वीज वांटण्यासाठीं गोलार-गिब्ज यांचीं यंत्रें घेण्यांत आलीं. त्यांच्या एकसर जोडणीचा त्रास होऊं लागला, तेव्हां १८८६ सालीं सेबास्टियन झियानी द फेरांटी या तरुणाला मुख्य अभियंता नेमण्यांत आलें. त्याचें वय अवघें एकवीस-बावीस. त्यानें जुनीं यंत्रें काढून टाकलीं, स्वतःच्या घडणीचीं रोहित्रें समांतर जोडणीनें बसविलीं, आणि केंद्र सुरळीत चालूं लागलें.

गोलार-गिब्ज यांचें म्हणणें असें कीं, जोडणी कशीहि असो, अलग वेटोळ्यांच्या द्वारें वीज वांटण्याची पद्धति आमची आहे, व आमच्या परवानगीवांचून ती वापरणें हें पेटंटचें उल्लंघन आहे. त्यांनीं लिंडसे यांच्या कंपनीविरुद्ध दावा लावला. इकडे फेरांटीच्या बाजूनें उलट चाल झाली, ती ही कीं, मूळ पेटंटच रद्द व्हावें. जुलै १८८८ मध्यें न्यायमूर्ति केकेविच यांनीं निकाल दिला. गोलार-गिब्ज यांनीं ज्यावर हक्क सांगितला आहे त्यांत पेटंट टिकण्याजोगें नावीन्य नाहीं, असें ठरून पेटंट रद्द झालें. १८८९ सालीं अपील फेटाळलें गेलें, आणि १८९० सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनेंहि तोच निकाल कायम केला. दरम्यान गोलारचें चित्त ढळलें होतें. पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयांत २६ नोव्हेंबर १८८८ रोजीं, म्हणजे पहिल्या निकालानंतर चार महिन्यांनीं, तो मरण पावला. अडतीस वर्षांचें आयुष्य. खटल्यामुळेंच त्याला वेड लागलें असें मी म्हणत नाहीं. मनुष्याचें मन कशानें मोडतें हें इतिहासकारानें ठरवूं नये. परंतु दोन तारखांमधील अंतर डोळ्यांपुढून जात नाहीं.

निकाल न्याय्य होता काय? अनेक वर्षें मी वर्गांत या खटल्याचा दाखला देत आलों आहें, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर माझें मत एकदां पालटलें आहे.

आरंभीं मी न्यायमूर्तींच्या बाजूचा होतों, आणि त्या बाजूस बळ नाहीं असें नव्हे. पेटंट म्हणजे राजसत्ता आणि शोधक यांच्यांतील एक करार होय. शोधकानें आपली युक्ति उघड करावी, आणि त्याबद्दल राजसत्तेनें त्याला कांहीं वर्षें, त्या काळच्या इंग्लंडांत चौदा, एकट्याला तिचा उपभोग घेऊं द्यावा. परंतु जी गोष्ट लोकांपाशीं आधींच आहे तिचा मोबदला कसला? अलग वेटोळ्यांतून प्रवाह उत्पन्न होतो हें फॅरडेनें दाखविलेंच होतें. पावेल याब्लोच्कोव्ह या रशियन शोधकानें १८७७ च्या सुमारासच आपल्या कमानी दिव्यांसाठीं एका तारेवर अशीं वेटोळीं बसविलीं होतीं. आणि कल्पना करा, तें पेटंट टिकतें तर काय होतें? १८९६ पर्यंत इंग्लंडांत कोणीहि रोहित्र बसवो, मग त्याची घडण गोलारच्या यंत्राहून कितीहि सरस असो, त्याला गोलारच्या वारसांच्या दारीं उभें राहावें लागतें. एका माणसावर दया करतांना सगळ्या देशाच्या दिव्यांवर कर बसता.

असें मी शिकवीत असें. पुढें एक लहानशी गोष्ट घडली. माझ्या वर्गांत घाटकोपरच्या एका चाळींत राहणारा विद्यार्थी होता. तो होता कलाशाखेचा, पण हाताला चैन नसलेला. त्याच्या चाळींत गच्चीवरील टाकी भरून वाहूं लागली कीं कोणाच्याहि लक्षांत येत नसे, आणि पाण्याची ओढ तर बारा महिने. जुन्या रेडिओंतील एक बारकेंसें रोहित्र काढून त्यानें अशी व्यवस्था केली होती कीं, पाणी कांठाला येतांच तळमजल्यावर घंटा वाजावी. तो तें घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, याचें पेटंट मिळेल का?" मीं माझ्या एका अभियंता मित्राला विचारलें. तो हंसून म्हणाला, "यांत नवें काय आहे?" तें वाक्य मीं तसेंच्या तसें मुलाला सांगितलें. त्यानें तें सामान पिशवींत भरलें, आणि पुढें दोन वर्षें तो माझ्या वर्गांत होता तरी पुन्हां कांहीं दाखवावयास आला नाहीं.

बऱ्याच काळानंतर माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या मुलानें घंटेचा प्रवाह सरळ भिंतींतील तारेवरून घेतला नव्हता. पाण्याशीं ज्या तारेचा संबंध येणार ती घरच्या विजेपासून अलग असली पाहिजे, नाहीं तर टाकीला हात लावणारा मरेल, हें त्याला कोणी शिकविलें नव्हतें. तें त्याचें त्यानें जाणलें होतें. मित्राचें उत्तर कायद्याच्या दृष्टीनें अगदीं बरोबर होतें. परंतु एका प्रश्नाचें उत्तर बरोबर आलें म्हणजे दुसरा प्रश्न विचारावयाचा राहिला तरी चालतो, असें थोडेंच आहे? 'हें जगांत आधीं कोणीं केलें आहे काय?' हा कायद्याचा प्रश्न. 'हें या माणसानें कसें पाहिलें?' हा माणसांचा प्रश्न. मीं पहिला विचारला, दुसरा विचारलाच नाहीं.

तेव्हांपासून मीं गोलारचा खटला पुन्हां वाचावयास घेतला. फॅरडेचें कडें १८३१ पासून कपाटांत होतें. ज्याला पाहावयाचें त्यानें पाहावें. याब्लोच्कोव्हचीं वेटोळीं होतीं, पण तीं त्याच्या दिव्यांची ताबेदार होतीं. चाळीस किलोमीटर दूरच्या गांवाला वीज देतां येते, ती मोठ्या दाबानें न्यावी आणि स्पर्शावांचून लहान करून घरांत सोडावी, अशी सबंध व्यवस्था लोकांच्या डोळ्यांपुढें उभी केली ती गोलारनें. तुरिनचें प्रदर्शन झालें नसतें तर ब्लाटीला वैगुण्य दिसतें कोठून? वेस्टिंगहाउस विकत काय घेता? ज्याची चूक दुरुस्त करून इतर थोर झाले, त्याच्या चुकीलाहि कांहीं मोल आहे. पण कायद्यापाशीं अशा चुकीचें माप नाहीं. तो हक्क देतो किंवा नाकारतो. ऋण मानणें हें त्याचें काम नव्हे. मग तें काम कोणाचें? माझ्या मतें तें इतिहासाचें. न्यायमूर्तींनीं योग्य तेंच केलें असेल. परंतु त्यांनीं जें देणें शिल्लक ठेविलें, तें आपण फेडावयास हवें होतें, आणि आपण तें फेडलें नाहीं.

४

हा वाद दूरदेशींचा, त्याच्याशीं आपला संबंध काय, असें कोणी म्हणेल. तर संबंध आपल्या रुळांइतका जवळचा आहे. ज्या १८८८ सालीं गोलारचें पेटंट रद्द झालें, त्याच वर्षीं लंडनमधील विद्युत्शास्त्रज्ञांच्या सभेपुढें कर्नल क्रॉम्प्टन या नामांकित अभियंत्यानें रोहित्रांविरुद्ध निबंध वाचला. एकदिश प्रवाह आणि विजेचे संचयक हेच शहराला योग्य, रोहित्रांची पद्धति नव्हे, हा त्याचा पक्ष. काळानें त्याच्याविरुद्ध कौल दिला. फेरांटीनें डेप्टफर्ड येथें १०,००० व्होल्टचें केंद्र उभारलें आणि प्रत्यावर्ती प्रवाह जगभर पसरला. गंमत अशी कीं, त्याच क्रॉम्प्टनचें नांव धारण करणाऱ्या क्रॉम्प्टन ग्रीव्हज कंपनीच्या, घाटकोपर आणि मुलुंड यांच्यामधील कांजुरमार्गच्या, कारखान्यांत कित्येक वर्षें प्रचंड रोहित्रें तयार होत असत. ज्याला आयुष्यांत विरोध केला त्याच वस्तूवर मरणोत्तर नांव झळकावें, आणि ज्यानें ती लोकांपुढें आणली त्याचें नांव कोणास ठाऊकहि असूं नये, असा हा इतिहासाचा न्याय!

मुंबईंत मोठ्या दाबाची वीज आली ती घाटावरून. टाटांचें खोपोलीचें जलविद्युत्केंद्र १९१५ सालीं सुरू झालें, आणि तेथील वीज डोंगर उतरून, खाडी ओलांडून गिरण्यांपर्यंत पोंचली. रोहित्रांवांचून तें अशक्य होतें. आमच्या उपनगरांत वीज वांटण्यासाठीं १९२९ सालीं निराळी कंपनी स्थापन झाली. पुढें तिचे मालक बदलले, नांवें बदललीं. मुलुंड-भांडुपकडे तर वीज देणारी संस्थाच वेगळी. पण गल्लीच्या तोंडाची ती पेटी सर्वत्र सारखीच.

क्रॉम्प्टनचा पक्ष मात्र आमच्या आगगाड्यांत फार काळ तग धरून राहिला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईहून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धांवली, आणि १९२८ सालीं बोरिवलीची गाडी विजेवर चालूं लागली, ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. एकदिश प्रवाह बदलत नाहीं, आणि जें बदलत नाहीं तें लोखंडाच्या गाभ्यांतून पलीकडे जात नाहीं. फॅरडेची सूचि स्वस्थ झाली होती ती याच कारणानें. म्हणून गाडीला दाब कमीजास्त करणें अशक्य, आणि रुळाच्या कडेनें थोड्याथोड्या अंतरावर विद्युत्केंद्रें ठेवणें भाग. या शतकाच्या दुसऱ्या दशकांत ही व्यवस्था टप्प्याटप्प्यानें पालटली, आणि २०१६ सालीं हार्बर मार्गावरील बदल पुरा झाल्यावर उपनगरी गाड्यांतून एकदिश प्रवाहाचें युग संपलें. आतां वरच्या तारेंत २५,००० व्होल्ट असतात, आणि गाडी आपलें रोहित्र आपल्या पोटाखालीं घेऊन धांवते. अंधेरीच्या फलाटावर रोज उभे राहणारे आपण लाखों लोक लंडनमधील त्या वादाच्या शेवटच्या अंकाचे साक्षी होतों, आणि आपल्याला तें कळलेंहि नाहीं.

आपल्या देशांतील पेटंटच्या कायद्याची कथाहि लक्षांत घेण्याजोगी आहे. पहिला कायदा १८५६ सालचा, आणि त्याखालीं पहिला हक्क मिळाला तो कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंग याला, पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल! गोलारच्या मृत्यूच्या वर्षीं, १८८८ मध्यें, शोध व आकृति यांचा नवा कायदा झाला. १९११ सालीं पुन्हां नवा. परंतु हे सर्व कायदे परक्यांनीं परक्यांसाठीं केलेले. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांनीं १९५९ सालीं आपला अहवाल दिला, त्यांत या देशांतील बहुसंख्य पेटंटें परदेशीयांच्या हातीं आहेत व त्यांतील पुष्कळशांचा येथें उपयोगहि केला जात नाहीं, ही गोष्ट स्पष्टपणें मांडली. त्यांतूनच १९७० चा कायदा निर्माण झाला.

या परक्या व्यवस्थेंतहि मुंबईच्या शंकर आबाजी भिसे यांनीं आपली वाट काढली. १८६७ सालीं मुंबईंत जन्मलेला हा मनुष्य दादाभाई नौरोजींच्या पाठिंब्यानें विलायतेंत उभा राहिला. मुद्रणाचे खिळे ओतण्याच्या त्याच्या यंत्रानें त्या धंद्यांतील जाणत्यांचें लक्ष वेधलें. पेटंटें त्याच्याजवळ होतीं. नव्हतें तें भांडवल. १९३५ सालीं न्यूयॉर्क येथें त्याचा अंत झाला. गोलारपाशीं यंत्र होतें व पेटंट गेलें. भिश्यांपाशीं पेटंटें होतीं व पैसा नव्हता. दोन्ही गोष्टींवरून दिसतें तें एकच, कीं कागदावरील हक्क हा शोधकाचा आधार होण्यास पुरा पडत नाहीं. त्याच्याभोंवतीं त्याचें मोल जाणणारीं माणसें असावीं लागतात.

असो. पुतणीच्या प्रश्नाकडे परत येतों. त्या रात्रीं सुमारें दहा वाजतां दिवे आले. तिनें आपला मोबाइल फोन विजेला लावला, तेव्हां मीं तिला सांगितलें कीं, त्या ठोकळ्यांतहि नखाएवढें रोहित्र आहे. भिंतींतील वीज त्याच्या एका बाजूस थांबते आणि तुझ्या हातांतील फोनला मिळते ती दुसरीच असते. मात्र एवढ्यावरून घरांतील तारेला हात लावणें निर्भय झालें असें समजूं नकोस, हेंहि बजावलें. कारण गल्लींतील रोहित्राच्या घरगुती बाजूचें एक टोंक मुद्दाम जमिनीस जोडलेलें असतें. ती विचारांत पडली. मग तिनें वहींत दोन वेटोळीं काढलीं, मध्यें लोखंडाचा गाभा दाखविला आणि विचारलें, "हें पहिल्यांदा कोणीं केलें?"

मीं फॅरडेचें नांव सांगितलें, आणि मग गोलारचें. तिनें दोन्ही नांवें आकृतीखालीं लिहून घेतलीं. दुसऱ्या नांवाचें स्पेलिंग तिनें दोनदां विचारलें. घाटकोपरचा तो मुलगा आतां कोठें असेल तें मला ठाऊक नाहीं; भेटला तर त्याला एवढेंच विचारीन, कीं ती घंटा पुढें चाळींत लागली काय.